ताम्हिणीचा चढ आणि माझा रिलिव्हर

मला कुणी आकडा सांगितला की मी आधी सांगणाऱ्याचं तोंड बघतो. दूधवाला लिटर म्हणाला, पंपावरचा माणूस 'मीटर बघा' म्हणाला, डॉक्टर बीपी सांगू लागले, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा. डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, हे मशीन शेवटचं कधी तपासून घेतलंत? तेव्हापासून बायको माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार नसते. रहाटणीच्या आमच्या सोसायटीत मला माघारी शंकासुर म्हणतात. कोण म्हणतं त्याचाही मला अंदाज आहे.

हा स्वभाव जन्माचा नाही, नोकरीचा आहे. चिंचवडजवळच्या एका इंजिनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टेस्ट बेडवर काढली. टेस्ट बेड म्हणजे लोखंडी चौथरा. नवं डिझेल इंजिन त्यावर आवळून बसवायचं, चालू करायचं आणि त्याच्यात किती ताकद आहे ते बघायचं. इंजिनाच्या शाफ्टला एक जाडजूड गोल पेटी जोडलेली असायची, तिला आम्ही डायनो म्हणायचो. त्या पेटीत पाणी सोडायचं. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाढवलं की इंजिनाला फिरणं जड जायचं, आवाज घोगरा व्हायचा. पाणी कमी केलं की ते मोकळं व्हायचं. किती ओढतंय ते शेजारच्या काट्यावर दिसायचं. आणि सुरू करण्याआधी त्या काट्याचा झिरो बघायचा, हा पहिला नियम. झिरो हलला असेल तर पुढचं सगळं रीडिंग खोटं.

शिफ्ट बदलताना जो माणूस आपल्या जागी येतो त्याला कंपनीत रिलिव्हर म्हणतात. बावीस वर्षं माझा रिलिव्हर एकच होता, चाकणजवळच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरचा. एका मशीनवर आमचं आयुष्य गेलं, कधी तो माझ्या जागी यायचा, कधी मी त्याच्या, पण भेट रोज पंधरा-वीस मिनिटांची. जाणाऱ्याने वहीत रीडिंग लिहून सही करायची, येणाऱ्याने ती वाचून खाली 'स्वीकारलं' म्हणून सही करायची, अशी पद्धत. बाकीचे न वाचता सही ठोकायचे. मी मात्र त्याचं प्रत्येक रीडिंग वाचायचो, काट्याचा झिरो पुन्हा बघायचो आणि मगच पेन काढायचो. तो तोवर डबा हातात घेऊन उभा राहायचा. कितीदा त्याची कंपनीची बस चुकली असेल. कधी चिडला नाही. "बघ, बघ निवांत," म्हणायचा, "तू बघितल्याबिगर माझं रीडिंग खरं हुत न्हाई." ते कौतुक होतं की टोमणा, याचीसुद्धा मला शंका होती.

आम्ही दोघंही रिटायर झालो. त्याने गावाकडच्या स्वतःच्या जमिनीवर पत्र्याची शेड टाकली आणि गाड्यांच्या बॉड्या बांधायला लागला. कुणाला अँब्युलन्स, कुणाला वडापावची गाडी. मी घरी बसून गॅस सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बघायला लागलो.

आता बायकोची गोष्ट सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठी घडलं. ती कोकणातली, माणगावच्या पुढच्या एका गावची. मी सोलापूरकडचा. माझ्या गावात देवळाच्या कळसाहून उंच काही नाही, तरी सासरवाडीला मी अजून घाटीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं. नीट झालं, पण तेव्हापासून तिला अर्ध्या-पाऊण तासावर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. माहेरी तिची थोरली बहीण एकटी राहते. आई लहानपणीच गेलेली, म्हणून हिला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं बहिणीनेच केलं. तिचे गुडघे गेलेत, ती वर येऊ शकत नाही. ही बसू शकत नाही, खाली जाऊ शकत नाही. दोघी रोज सकाळी मोबाइलवर एकमेकींचं तोंड बघायच्या आणि त्यात निम्मा वेळ, तुझं दिसत नाही, माझं दिसतंय का, यातच जायचा.

मग बहिणीच्या मुलाने ठरवलं की पावसाळ्याआधी आईला सुरतेला न्यायचं आणि घराला कुलूप घालायचं. सुरतेचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे एकदा गेली की ती परत येणं कठीण, आणि हिने तिथवर जाणं त्याहून कठीण. बायको मला म्हणाली, "अहो, मला दुसरं काही नको. कुलूप लागायच्या आत चार दिवस त्या घरात तिच्याशेजारी झोपायचंय." आम्ही भाड्याच्या कारने एकदा निघालोही. पौडच्या पुढे तिचा चेहरा पांढरा पडला आणि आम्ही मागे फिरलो.

तेव्हा माझ्या डोक्यात मोटरहोम आलं. झोपायला पलंग, छोटा ओटा, बेसिन, संडास, सगळं गाडीतच. म्हणजे ही आडवी पडून माहेरी जाईल. मी रिलिव्हरच्या शेडवर गेलो. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "वैनीसाठी हाय नव्हं? मग करू." चाकणच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करणारी एक मिनीबस विकायची होती, ती त्यानेच शोधली.

माझी शंका तिथूनच सुरू झाली, आणि ती एकाच गोष्टीची होती: हे इंजिन ताम्हिणी घाट चढेल का? लोकांना वाटतं, कोकणात जायचं म्हणजे घाट पार करायचा. जाताना काही नाही, उतारच आहे, तिथे इंजिन नाही, ब्रेक लागतो. खरी परीक्षा येताना. सपाटीवर गाडीला आपल्या वजनाची फारशी आठवण नसते. चढ लागला की प्रत्येक किलो वर उचलावा लागतो, आणि तो उचलणारं इंजिन तेवढंच असतं. कंपनीने छापलेला हॉर्सपॉवरचा आकडा मला पाठ होता. पण तो नव्या इंजिनाचा. हे इंजिन किती वर्षं, कुणाच्या हाताखाली, कसल्या डिझेलवर चाललं, कुणास ठाऊक. किलोमीटरचा आकडा तर मी विचारातच घेतला नाही. तो कुणीही मागे फिरवू शकतो.

दर दोन-तीन दिवसांनी मी शेडवर जायचो. प्लायवूडची जाडी बघायचो, बोल्ट हलवून बघायचो. त्याने पाण्याची शंभर लिटरची टाकी बसवली होती. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय? आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. ज्यांच्या शहरात पाणी दिवसाआड येतं त्यांना मी काय म्हणतोय ते सांगायला नको. नळ आला की घरातलं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं, ही सवय हाडात गेलेली असते. शिवाय मेहुणीच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असेलच याची काय खात्री? मी त्याला तीनशे लिटरची आणखी एक टाकी पलंगाखाली बसवायला लावली. तो डोकं खाजवत म्हणाला, "आरं, घाटात निऊन शेती करायची हाय का तुला? बसवतो. पर भरताना अर्धीच भर, राव." मी मान हलवली. मनात म्हटलं, टाकी मी सांगतोय आणि अक्कल हा शिकवतोय.

गाडी ताब्यात देताना त्याने ती काट्यावर नेऊन आणली होती. वजनाची पावती माझ्या हातात दिली. पावतीखाली त्याने सही केली होती आणि शेजारी 'स्वीकारलं' असं लिहून जागा मोकळी सोडली होती, आमच्या वहीतल्यासारखी. मी म्हटलं, चढ चढून बघतो, मग सही करतो. तो हसला आणि पावतीची आपली प्रत त्याने खिळ्याला अडकवून ठेवली.

एप्रिलभर गाडी आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत उभी होती. पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला मी नळाला पाइप लावायचो आणि गाडीत पाणी भरायचो. नळ बरोबर चालतात का ते बघायला थोडं सोडायचो, ते खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जायचं, आणि परत वरून टाकी भरून घ्यायचो. अर्धी भर म्हणाला म्हणूनच पूर्ण भरायचो, असं आता वाटतं. वर बायकोच्या पलंगाखाली उरलेल्या जागेत पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दहा कॅन ओळीने लावले. एक कॅन गळतोय की काय अशी शंका आली म्हणून दोनदा काढून पुसलेही.

महिन्याच्या शेवटी आम्ही चाचणीला निघालो. घाट उतरायचा, पायथ्याला चहा प्यायचा आणि परत चढायचा. बायको म्हणाली, मीपण येणार, पलंगाची चाचणी कोण करणार? ती मागे आडवी पडली आणि खिडकीतून दिसेल तेवढं आभाळ बघत होती. मुळशीचं पाणी उजव्या हाताला लागलं तेव्हा तिने गाणं गुणगुणायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांनी मी तो आवाज ऐकला.

उतरलो. चहा प्यालो. गाडी वळवली.

पहिल्या दोन वळणांपर्यंत ठीक होतं. मग गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर. आवाज घोगरा झाला. टेम्परेचरचा काटा चढायला लागला. एका अवघड वळणावर समोरून एसटी आली, तिला जागा द्यायला मी थांबलो आणि पुन्हा निघताना गाडी पुढे जायच्या ऐवजी हातभर मागे आली. क्लच जळल्याचा वास आत भरला. करवंदांच्या द्रोणांची पाटी घेऊन बसलेली एक बाई उठली आणि तिने न सांगता मागच्या चाकाला दगड लावला. इंजिन गार व्हायची वाट बघत आम्ही तिथे अर्धा तास उभे राहिलो. असं तीनदा झालं. भीतीपेक्षा मला राग आला होता.

माथ्यावर आल्यावर बायकोने मागून विचारलं, "म्हणजे खाली गेलो तर परत येता येणार नाही?"

मी टेम्परेचरचा काटा बघत राहिलो.

"मग मी खालीच राहीन," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिथे तरी कुणाबरोबर राहू? तीच नसणार." मग घरापर्यंत गाणं नाही की काही नाही.

त्या रात्री मी झोपलो नाही, आणि पुढचे आठ दिवस मी माणसातही नव्हतो. कुणी हात मारला? इंजिनच बदललं का? मी नंबर ताडून बघितला. बरोबर होता. मग मनात आलं, नंबर पुन्हा ठोकताही येतो. मी भिंग घेऊन एकेका आकड्याची ठोक बघितली. डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलले असतील. चांगले काढून जुने घातले असतील, एक अँब्युलन्सही त्याच्याकडे कामाला तेव्हाच आली होती ना? मला एकेक प्रसंग आठवायला लागला. एकदा मी न सांगता गेलो तेव्हा तो घाईने बोनेट लावत होता. हसला होता. का हसला? बावीस वर्षांत कधी चिडला नाही, म्हणजे आत काहीतरी साठवून असणार. एवढ्या वर्षांचा वचपा काढायला याहून चांगली संधी कुठली?

पिंपरीतल्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. तो बोनेट उघडून दोन मिनिटं वाकला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, कुणीतरी करामत केलेली दिसतेय." का, कशी, ते त्याने सांगितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पुरावा मागितला नाही. मला हवं होतं ते त्याच्या तोंडून निघालं होतं.

मी तडक शेडवर गेलो. तिथे दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक वेल्डर काम करत होता. मी सगळ्यांसमोर बोललो. इंजेक्टर कुठे गेले ते सांग, म्हटलं. मैत्रीच्या नावावर भंगार गळ्यात मारलंस, म्हटलं. माझी बायको घाटात मध्येच लटकली असती तर, म्हटलं. आणखीही बोललो, ते लिहायची आता लाज वाटते. वेल्डरने मशीन बंद केलं, त्यामुळे माझं शेवटचं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

तो चिंध्यांना हात पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"काट्यावर घातली व्हती का गाडी? चढायच्या आदी?"

"वजनाची पावती तूच दिलीस ना?"

"व्हय. माझ्या सहीवर तू कवाधरनं इस्वास ठिवायला लागला?" तो शांतपणे म्हणाला. "जा. झिरो बघ आन् मंग ये."

मी आलो तसा निघालो. विषय बदलतोय, म्हटलं मनात. चोराच्या उलट्या बोंबा.

घरात मी बायकोला सगळी हकीकत सांगितली. ती आडवी पडून ऐकत होती. म्हणाली, "त्याने माझा पलंग बांधताना मला फोन करून उंची विचारली होती. कुठल्या कुशीवर झोपता, तेही विचारलं होतं. असा माणूस इंजेक्टर चोरेल?" मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मे महिना निम्मा गेला. मोबाइलवर बहिणीच्या मागे आता बांधलेली बोचकी दिसायची. एक दिवस भिंतीवरचं घड्याळ गेलेलं दिसलं, एक दिवस देव्हारा. बायको ते बघायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

त्याला खोटं पाडायचं म्हणूनच मी शेवटी गाडी काट्यावर नेली. चाकण रस्त्यावर ट्रकचं वजन करणारा मोठा काटा आहे. आधी मी काटेवाल्याला रिकाम्या काट्याचा आकडा दाखवायला लावला. तो म्हणाला, "काका, दिवसभर ट्रक येतात, झिरो बघणारे तुम्ही पहिलेच." मग गाडी चढवली. पावती हातात आली आणि मी ती तीनदा वाचली. रिलिव्हरच्या पावतीपेक्षा वजन सातशे किलोंनी जास्त होतं. काटा खोटा असणार, म्हणून मी पुढच्या काट्यावर गेलो. तिथेही तेच, दहा किलो इकडेतिकडे.

सातशे किलो! कुणी माझ्या गाडीत शिसं ओतलं होतं की काय? मी गल्लीत गाडी उभी करून एकेक कप्पा उघडला. भांडी, गाद्या, स्टेपनी, कुठेच एवढं वजन बसेना. वाकून पलंगाखाली बघितलं. कॅन. त्यामागे टाकी. खाली दुसरी टाकी, आणि तिच्या शेजारी महिनाभर एकदाही रिकामी न केलेली सांडपाण्याची टाकी. रिलिव्हरने वजन केलं तेव्हा हे सगळं रिकामं होतं. एक लिटर म्हणजे एक किलो. हे मला शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं.

मी मोठ्या टाकीच्या तोटीला पाइप लावला आणि ती उघडली. ती उघडताना मनगटाला जो पीळ बसला तो ओळखीचा होता. एकतीस वर्षं मी असाच व्हॉल्व्ह फिरवत होतो. पाणी वाढवलं की इंजिन दमतं, कमी केलं की मोकळं होतं. हजारो इंजिनांचा दम मी पाण्यानेच काढला, आणि माझ्या स्वतःच्या इंजिनावर सातशे किलो पाणी लादून घाटाला लावलं, तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. घोगरा आवाज तर तोच होता. टेस्ट बेडवर ज्याने उमेदवारी केली असेल त्यालाही कळला असता. मी मात्र चोर शोधत होतो.

वॉचमन ओरडत आला, "अहो काका, आज पाण्याचा दिवस नाही आणि तुम्ही सोडून काय देताय?" ते ऐकून खिडक्या उघडल्या आणि बघता बघता बायका बादल्या, कळश्या, टब घेऊन खाली आल्या. रांग लागली. माझ्या संशयावर त्या दिवशी निम्म्या विंगने कपडे धुतले. मला पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नव्या पावत्या घेऊन शेडवर गेलो. गाडीही नेली, हलकी केलेली. वेल्डर मला बघून आत निघून गेला. रिलिव्हर एका दरवाजाचं माप घेत होता. मी पावत्या पुढे केल्या. पाणी होतं, एवढंच म्हणालो.

त्याने चष्मा लावून पावत्या वाचल्या. "झिरो बघितला व्हता?"

"बघितला."

तो उठला, खिळ्याची जुनी पावती काढली आणि माझ्यासमोर ठेवली. शेजारी पेन ठेवलं. 'स्वीकारलं' पुढची जागा अजून मोकळी होती. मी सही केली. एवढी वर्षं सह्या केल्या, पण हात असा कधी जड झाला नव्हता.

"बावीस वरसं तू माझं रीडिंग तपासलं," तो म्हणाला. "मला एकदाबी राग आला न्हाई. ते काम व्हतं. आमी दोगं व्हतो म्हनून त्या बेडवरनं कवा खोटं इंजिन भायेर गेलं न्हाई. पर त्या दिशी तू रीडिंग न्हाई, माणूस तपासलास. आन् त्योबी झिरो न बघता."

मी म्हटलं, चुकलो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्याने चहा सांगितला नाही. एरवी मी गेलो की चहा ठरलेला. पण गाडीखाली तो स्वतः शिरला, जळलेली क्लचप्लेट त्याने स्वतः बदलली आणि चार वाजता किल्ली देताना एवढंच म्हणाला, "वैनीला म्हनावं, बिनघोर जावा."

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो. टाकीत फक्त गरजेपुरतं पाणी होतं. मी दुसरा कुकर, जादा गादी, अवजारांची निम्मी पेटी, सगळं घरी ठेवलं होतं. बायकोने नेसायच्या साड्याही मोजून घेतल्या, माझी नजर बघूनच. घाट उतरलो आणि दुपारी तिच्या माहेरच्या अंगणात गाडी उभी केली. बहीण काठी टेकत पायरीपर्यंत आली, पुढे तिला येववेना. ही गाडीतून उतरून तिच्याकडे चालत गेली, पाठ धरून. दोघींनी एकमेकींना धरलं आणि बराच वेळ दोघींपैकी कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं. विहिरीला पाणी होतं. भरपूर होतं.

चार दिवस दोघी जमिनीवर अंथरूण घालून शेजारी शेजारी झोपल्या. काय बोलत होत्या मी ऐकलं नाही. ऐकायचा मोह झाला होता, पण अंगणात गाडीतच झोपलो.

निघायच्या सकाळी बहिणीने तिला न्यायला आलेल्या मुलाला आतून पाटा आणि वरवंटा आणायला सांगितलं. काळ्या दगडाचा, मधोमध घासून खोल झालेला. "आयशीचा हाय," ती बायकोला म्हणाली. "सुरतेला कोन वाटणार त्याच्यावर? तू ने, बाय."

बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "राहू दे गं," ती म्हणाली, "गाडीला वजन झेपत नाही." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी नको म्हणावी तसा. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या हुशारीची घृणा वाटली.

मी पाटा उचलला. तीस-पस्तीस किलो तरी असेल, मी वजन केलं नाही. पलंगाशेजारी खाली गोधडी घालून त्यावर ठेवला, वर वरवंटा ठेवला. मागे मुलाने दाराला कुलूप घातलं, त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

घाटाच्या पायथ्याशी बायकोने मागून विचारलं, "चढेल ना हो?"

बघून सांगतो, असं मी आयुष्यभर म्हणत आलो.

"चढेल," मी म्हणालो.

गाडी दुसऱ्या गिअरवर चढत राहिली. करवंदंवालीचं वळण आलं आणि गेलं, आम्ही थांबलो नाही. टेम्परेचरचा काटा कुठे होता ते मला आठवत नाही, कारण मी आरशात बघत होतो. बायको कुशीवर वळून झोपली होती आणि वळणावर घसरू नये म्हणून एक हात खाली सोडून तिने पाटा धरून ठेवला होता.